अग्निबाणाच्या घोड्याची वाटणी

॥ श्री ॥

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझा हात कसा आहे? थंडीत उरलेली बोटे ठणकतात असे मागे लिहिले होतेस. शेक घेतोस की आळस करतोस? सौ. लीलाचा खोकला गेला का? चि. जयाचे दुधाचे दात हलायला लागले असतील, तिला दोऱ्याने ओढू देऊ नका, आपोआप पडतात. रत्नाआत्या तुमच्याकडे कोल्हापुरास आली आहे असे कळले; तिचे गुडघे कसे आहेत? जिना चढायला लावू नकोस. इकडे म्हैस बरी आहे. सावळा बरा आहे. तुझ्या आईचे खाली वेगळे लिहिले आहे. माझे विचारू नकोस, त्यासाठीच हा कागद आहे.

शेजारी येसाजी मास्तर बसले आहेत. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, कोर्टात हसतील. मी म्हटले, मास्तर, कोर्टाच्या आधी हे माझे पोरगे वाचणार आहे. तर आता रीतीप्रमाणे.

मी, कुशाबा हरी वाळंज, वय चौसष्टच्या आसपास (जन्माची नोंद ज्या चावडीत होती ती चावडी धरणाखाली आहे), धंदा ऑइल इंजिने दुरुस्त करणे व भातशेती, राहणार मुळशी, जिल्हा पुणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही. पौडच्या डॉक्टरांनी नळी माझ्या पाठीला लावली आणि मग एकदम यंदाच्या मोहराबद्दल बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखले. हे लिहिताना मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, कारण वाटून द्यावे असे आपल्याजवळ काही आहे हे कधी ध्यानातच आले नव्हते. हा कागद अमलात आणण्याचे काम येसाजी मास्तरांनी पत्करले आहे.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि ओढ्याकाठचे भाताचे खाचर माझी पत्नी रंभाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावे. तिच्यामागे ते जयसिंगाचे. ती असेपर्यंत कोणी तिला “मुलाकडे जाऊन राहा” असा सल्ला देऊ नये. ज्या घरातून बोलावणे नाही त्या घरी बायकोला पाठवणारा मी नव्हे.

कलम २. पाने, कानशी, हातड्रिल, वाइस आणि लाकडी पेटी ही सर्व जयसिंगास द्यावी. हातोड्यांचे दांडे मी नव्याने बसवले आहेत, जाड आणि एका बाजूला फुगीर. तीन बोटांच्या मुठीत फिरू नयेत म्हणून. माप तुझ्या हाताचे घेता आले नाही. माझीच दोन बोटे दुमडून पट्टीने बांधली आणि अजमावले. चुकले असेल तर घासून घे, लाकूड सागाचे आहे.

कलम ३. घोडा. ह्याबद्दल थोडे लांबणार आहे. मास्तरांनी चहा मागवला आहे.

सावळा धनगर पाण्यापलीकडच्या वाडीचा. सहा वर्षांमागे श्रावणात त्याची बायको बायजा अडली. सुईण चंद्राबाई ह्या काठाला, बायजा त्या काठाला, मध्ये धरणाच्या फुगवट्याचा अरुंद हात, पण वाहता. होडीवाल्या भिकूने होडी दोनदा घातली, दोनदा पाण्याने ती खाली ओढून नेली. एक दोर पलीकडे पोचला तर त्याला धरून होडी नेता येईल, हे काठावरचा जो तो म्हणत होता, आणि दोर पोचवणारा कोणी नव्हता. सावळा पलीकडून हाका मारत होता. नंतर त्याच्या हाका थांबल्या आणि सगळ्यांना कळले.

त्यानंतर दोर फेकणारा बाण करायचे माझ्या डोक्यात बसले. आधी दारूकाम करणाऱ्याकडून बाण आणले. पण इथल्या हवेत मिठाला पाणी सुटते तिथे दारूचे काय. ज्या दिवसांत बाण पाहिजे त्याच दिवसांत तो फुसका. मग मास्तरांनी एका मासिकातून वाचून दाखवले की परदेशात पातळ जळणावर चालणारे अग्निबाण करतात. मी म्हटले, रॉकेल दमट होत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी पुढची वर्षे घातली.

इंजिन मला समजले. आयुष्यभर इंजिनेच उघडली. ह्यात तर पिस्टन नाही, क्रँक नाही. तांब्याच्या एका नळकांड्यात इकडून रॉकेल येते, तिकडून सिलिंडरमधला प्राणवायू येतो, आग मागे जाते आणि इंजिन पुढे. पण दोर बांधून सोडण्याआधी त्याचा जोर किती ते कळायला हवे. जोर मोजायचा तर त्याला पेटवायचे आणि उडू द्यायचे नाही. उडणारी वस्तू अशी धरून ठेवणारी चौकट म्हणजे आमचा घोडा.

माझा पहिला आराखडा तराजूचा होता: एका पारड्यात इंजिन, दुसऱ्यात दगड ठेवत जायचे. तू पुण्याहून रजेवर आला होतास. चित्र बघून म्हणालास, “आबा, तुमी दगड निवडस्तवर ती आग काय वाट बघत बसणार हाय व्हय?” सावळा इतका हसला की त्याची तंबाखू सांडली. मला राग आला, आणि रात्री जेवताना गेला. मग आपण तिघांनी ठरवले ते असे: धरणाच्या कामावरचे भंगारातले दोन रूळ मुरमात पुरून उभे केले. आडव्या दांडीला पाळण्यासारखा लोखंडी झोका टांगला. इंजिन झोक्यावर आडवे, त्याचे तोंड ओढ्याकडे. झोका मागे सरला की पोती तोलायचा ताणकाटा ओढला जाईल आणि आकडा दाखवील. सावळ्याने दगडांची भिंत रचली, चुन्याशिवाय, मेंढवाड्याला रचतात तशी, पण छातीइतकी रुंद. भिंतीआडून काटा दिसावा म्हणून न्हाव्याकडचा जुना आरसा खांबाला बांधला. इंजिनाचे दोन्ही कॉक दोरीने भिंतीआडून उघडायचे. सगळे काम भिंतीआड आणले होते, एक सोडून. प्राणवायूच्या सिलिंडरच्या डोक्यावरचा पितळी कॉक आधी हाताने उघडावा लागत होता. तेवढ्यापुरते एक मनुष्य बाहेर जाणार होते.

गेल्याच्या गेल्या वर्षी खंडेनवमीला घोड्याची पूजा झाली. हत्यारांना हळदकुंकू, झेंडूची माळ. तुझी आई तेलाची वाटी घेऊन आली. तिने मला विचारले, ह्याचे तोंड कोणते. मी सिलिंडरचा कॉक दाखवला, कारण श्वास तिथून सुटतो. “कोरडं हाय बिचारं,” म्हणाली, आणि बाळाच्या टाळूवर घालतात तसे तिने बोटाने त्यात तेल घातले. दोन थेंब आतही सोडले. माझ्यासकट सगळ्यांनी हात जोडले. यंत्राला तेल घालू नये असे आमच्या कोणाच्या सात पिढ्यांत कोणी ऐकले नव्हते. तू दुपारच्या गाडीने आलास, आणि तो कॉक उघडायला तूच बाहेर गेलास. तू लेथवरचा माणूस, गॅसचे तुलाही माहीत नव्हते. दाबाखालच्या प्राणवायूला तेल लागले की ते ठिणगीवाचून पेटते, हे सिलिंडरवाल्याच्या माणसाने नंतर सांगितले, दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून.

घोड्याला काही झाले नाही. भिंतीचा एक दगड हलला नाही. आरसाही शाबूत.

हा घोडा, रूळ, झोका, ताणकाटा व भिंतीसह सावळ्यास द्यावा. त्याने तो भंगारवाल्यास घालू नये. भिंतीआड मेंढरे बसवावीत, झोक्याला पोरे झोके घेतील. त्याच्यावर कधी काही पेटेल अशी आशा मी ठेवलेली नाही. गेल्या श्रावणातही पलीकडची वाडी तुटलेलीच होती. सावळ्याला ह्या कागदावर साक्ष करायची होती. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे मास्तर म्हणाले. त्यावर सावळा म्हणाला, “मंग मला काय बी देऊ नगा, म्या साक्ष देतो.” त्याला बाहेर बसवले आहे.

कलम ४. हैबतराव, आमच्या आळीचे. ह्यांनी लढाई चालू असताना पौडला जाऊन कळवले की कुशाबा बाँब करतो. हवालदार आले, घोड्याभोवती फिरले, आरशात बघून टोपी नीट केली आणि चहा पिऊन गेले. पण त्या दिवशी तुझ्या आईने परत तीच विचारपूस ऐकली: तेल कोणी घातले, का घातले, कोणी सांगितले. हवालदाराला दुसरे काही लिहायला नव्हते. त्याबद्दल हैबतरावांना माझ्याकडून पाण्याचे पिंप द्यावे, जे तळाला गळते. दहाव्याला बोलवावे, पोटभर जेवू घालावे आणि पिंप त्यांनी स्वतः उचलून न्यावे.

कलम ५. दुसरे इंजिन. ते फडताळात आहे, हे तुला माहीत नाही. अपघातानंतर केले. रिठ्याच्या पाण्याने, मग सोड्याने, मग उकळत्या पाण्याने धुतले, धुतलेल्या धोतरात गुंडाळले, त्याला उघड्या हाताने मी शिवलेलो नाही. पहिल्यापेक्षा चांगले झाले आहे. ते पेटवायला उभा राहीन इतका दम आता मला नाही, आणि दुसऱ्या कोणाला त्या कॉकपाशी उभा कर असे मी कोणाच्या आईला सांगू? जयसिंगाला हवे तर त्याने न्यावे. वर्षभरात नेले नाही तर मास्तरांनी ते मोडीत द्यावे. तांबे चांगले आहे. मोडताना मला आठवू नये.

कलम ६. ह्यात वाटण्यासारखे काही नाही, म्हणून हे कलम नको असे मास्तरांचे मत. मुलाने आईशी बोलावे असे मृत्युपत्रात लिहिता येत नाही, ती मालमत्ता नव्हे, म्हणतात. बरोबर असेल. तरी लिहितो.

ससूनमध्ये पट्टी बांधलेली असताना तू विचारलेस, तेल कुणी घातले. ती म्हणाली, “म्या.” तू म्हणालास, “परत मला हात लावू नगंस.” आणि भिंतीकडे तोंड केलेस. वेदना होती, औषधाची गुंगी होती, मी समजलो. पण गुंगी उतरली, टाके सुटले, तू कोल्हापुरास नोकरीवर गेलास, आणि दीड वर्षात तुझी जेवढी पत्रे आली त्या सगळ्यांवर “ती. आबांस” एवढेच होते. मी वाचून दाखवतो. “आईस नमस्कार” असे मी मनचे घालतो. ती कागदाकडे बघते. तिला अक्षर येत नाही, तरी ओळ किती लांब असते ते तिला आता कळायला लागले आहे.

तिने डोक्याला तेल लावणे सोडले आहे. केस काथ्यासारखे झाले आहेत. फोडणीपुरते तेल घालते, मग राखेने हात घासते, आणि मगच मला उठवून बसवते. मी एकदा म्हटले, अगं, मीही हात जोडलेच होते ना, आणि तोंड तर मीच दाखवले. तर म्हणाली, “तुमी हात जोडलं. म्या घातलं.” मोडलेले इंजिन माझ्यापुढे आणून ठेवा, कुठे बिघडले ते मी सांगेन. इथे कुठे हात घालावा ते मला सापडले नाही.

मी गेल्यावर ह्या घरात तिच्याशी बोलायला म्हैस राहील आणि संध्याकाळी सावळा. तू लिहिशील असे मला वाटत नाही. मरताना खोटे कशाला लिहू. तुझा स्वभाव माझा आहे. माझ्या बापाशी मी शेवटची चार वर्षे बोललो नाही, आणि तो बरोबर होता की मी, हे आता दोघांपैकी कोणालाच आठवत नसेल. तू तिला माफ केले असे लिहू नकोस. ते खोटे आहे हे तिला वाचून दाखवतानाच कळेल. काहीही लिही. घरी आज भाजी कसली होती एवढे लिहिलेस तरी पुरे.

येणेप्रमाणे कागद माझ्या समजुतीने, वाचून, ऐकून पुरा केला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच.

सही: कुशाबा हरी वाळंज

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली व ज्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या:
१. येसाजी बाळाजी ढमाले, शिक्षक
२. भिकू लक्ष्मण कोळी, होडीवाला, निशाणी डावा अंगठा

मुक्काम मुळशी, शनिवार, तारीख १२ फेब्रुवारी १९६६

ता. क. याची नक्कल तुला टपालाने धाडत आहे. हे तुझ्या आईला ठाऊक नाही, ती गोठ्यात आहे. उत्तर लवकर पाठव, आणि माझ्या नावाने पाठवू नकोस. मी असेतो आले तर वर “ती. सौ. आईस” असे लिहिता येईल. नंतर तो “सौ.” घालता येणार नाही, आणि तिला त्या नावाने आलेले एकही पत्र नाही. मास्तर वाचून दाखवतील. तरी लवकर लिही.