एक जिन्नस गाळून

५ जुलै २०२४, शुक्रवार

दही कबाब जमले! तिसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला कढईत नुसती दह्याची रांगोळी झाली. दुसऱ्या खेपेला ह्यांनी मोडलेले तुकडे पोळीसोबत खाल्ले आणि "चांगली हाय वं भाजी" म्हणाले. आज मात्र वरून कुरकुरीत, आतून लोणी. रविवारच्या भिशीला हेच. मागच्या महिन्यात प्रणालीनं विकतचे गोठवलेले समोसे तळून "घरचेच" म्हणून खपवले होते. आता कळेल तिला घरचं म्हणजे काय ते.

७ जुलै, रविवार

बारा बायका, साठ कबाब. ताटलीत पुदिन्याची चटणीसुद्धा उरली नाही. प्रणालीनं तिथल्या तिथे मोबाईल काढला. "काकू, सांगा ना, लिहून घेतो."

सांगितलं. दही, भाजलेलं बेसन, मिरी, आलं, काजूचे तुकडे, मीठ किती, आच केवढी — सगळं. दही रात्रभर फडक्यात बांधून टांगायचं, तेवढं सांगितलं नाही.

माझा नियम आहे. खोटं सांगायचं नाही. खोटं पकडलं जातं. एक गाळायचं. गाळलेलं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आलंच तर — अगं बाई, राहिलंच का सांगायचं!

मोबाईलवर हल्ली काय नाही मिळत? पण बायकांना शेजारणीचंच हवं असतं. "गीतांजलीकाकूंचे कबाब" असं मिरवता येतं ना.

१६ जुलै, मंगळवार

प्रणालीचे कबाब तेलात विरघळले. नवऱ्याच्या साहेबांसमोर! "काकू, तुमच्या हाताची गोष्टच वेगळी."

वेगळीच आहे.

१८ जुलै, गुरुवार

दुपारी सहज आठवत बसले, कोणाला काय गाळून दिलं. नणंदेला नानकटाईतला रवा. समोरच्या बाईंना पाटवडी थापायच्या आधी पिठाला द्यायची वाफ. आणि मायाला — धाकट्या जावेला — धोप्याच्या वड्यांतली चिंच.

ती माझी सगळ्यात आवडती. सात वर्षं झाली. सासूबाई तेव्हा जुन्या शहरात मायाकडेच राहायच्या आणि येता-जाता "मायाच्या हातची भाकर, मायाच्या हातचं वरण". पंधरा वर्षं मी त्यांचं केलं ते पाण्यात. मायानं वड्यांची कृती मागितली. दिली. धोप्याचं, म्हणजे अळूचं पान मुळात खाजरं, त्याची खाज मारते ती चिंच. तिनं हौसेनं तीस पानांच्या केल्या. सगळे गडव्यावर गडवे पाणी पीत होते. सासूबाई तर जीभ बाहेर काढून बसल्या होत्या. मी पदरात तोंड घालून हसले. माझी लेक खुशी त्या वेळी नागपूरला होस्टेलवर, तिनं ती गंमत पाहिली नाही.

त्यानंतर मायाला धोप्याला हात लावताना कोणी पाहिलं नाही. "ते ताईनंच करावं," म्हणते. बिचारी!

२१ जुलै, रविवार

खुशीचा अमरावतीहून फोन. तिचे सासरे उत्तमराव ऑगस्टअखेर मास्तरकीतून निवृत्त होतात. एक सप्टेंबरला घरीच कार्यक्रम, साठेक माणसं. बाकी जेवण आचाऱ्याचं, पण चहासोबत एक पदार्थ सुनेच्या हातचा. हिनं सांगून टाकलं — माझ्या आईसारख्या धोप्याच्या वड्या करते!

"आई वं, सांग ना कृती. सासूबाई उठता-बसता म्हणून राहिल्या, बँकेतल्या पोरीले काय सैपाक येते. एकदा दाखवू दे त्यायले."

"फोनवर नाही सांगता येत. ये दोन दिवस, शिकवतो तुले."

"सुट्टी नाही न आई."

"मंग पाहू."

ह्यांनी ऐकलं. "लेकीले त सांग सारं," म्हणाले. ह्यांचं काय जातं सांगायला? लग्नाला सहा महिने झाले, पोरगी दोनदा आली. त्यात एकदा आधार कार्ड न्यायला. सगळं फोनवर सांगून टाकलं तर ती अकोल्याला येईल कशाला? माझं तोंड पाहायला?

११ ऑगस्ट, रविवार

आली नाही. वड्यांचं विचारलं फक्त. मी म्हटलं, ये.

१७ ऑगस्ट, शनिवार

ज्वारीच्या पिठाचे मोमो. आवरण फाटलं, सारण पाण्यात. ह्यांनी पुन्हा भाजी म्हणून खाल्लं. ह्यांना एखाद्या दिवशी फडकं वाढून पाहणार आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

मोमो जमले. पिठात थोडा मैदा आणि उकळतं पाणी. विचारलं कोणी तर पाणी साधं सांगायचं.

खुशीचा फोन नाही. मीही केला नाही. गरज तिला आहे.

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी बारा

"आपली माणसं" ग्रुपवर खुशीचा फोटो. परातभर धोप्याच्या पानांचे उंडे, वाफवायला तयार. हिरवेगार, एकसारखे, दोऱ्यानं बांधलेले. हात माझाच आहे तिचा. पाहून बरं वाटलं — मग खालचं वाचलं.

"आईच्या पद्धतीनं! मायाकाकूनं लिहून दिली. व्हिडिओत सगळे चिंच घालतात, आईच्यात नसते. तेच तिचं गुपित!"

त्याच्याखाली मायाचं: "अगदी तशीच, जशी ताईनं सांगतली."

पुन्हा वाचलं.

लिहिलं — चिंच टाक. पुसलं. पुन्हा लिहिलं — खुशी, चिंच टाकजो त्यात थोडी. पुसलं. ग्रुपवर नणंद आहे, माया आहे, सगळं गणगोत आहे. चिंच म्हटलं की सात वर्षांपूर्वीचे गडवे आठवणार एकेकीला. मग नानकटाई आठवणार. वेगळा फोन करावा, तर खुशी विचारणारच — मग काकूच्या कागदावर काहून नाही?

सगळीच पानं काही खाजत नाहीत. काळ्या देठाची कमी खाजतात. फोटोत देठ दिसत नाहीत.

आणि खरं लिहायचं तर, इथे कोण वाचतंय — राग आला मला. आईच्या नावानं मिरवायचं आणि कृती जावेकडून आणायची! मला पुन्हा विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? खाजू दे थोडं. पुढच्या वेळी आईकडे येशील.

फोन उलटा ठेवला. कुकर लावला.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

खुशीचा फोन. आवाज ओळखू येईना, इतका घोगरा.

उत्तमरावांनी आधी दोन वड्या खाल्ल्या, "वा सूनबाई" म्हणाले, आणि भाषणाला उभे राहिले. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीचं भाषण, महिनाभर कागदावर लिहून काढलेलं. "माझ्या विद्यार्थ्यांनो" म्हणाले आणि घसा धरला. खोकला, पाणी, पुन्हा खोकला. कागद खिशात घालून खाली बसले. एका म्हाताऱ्या गुरुजींचे ओठ सुजले, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पोरं अंगणात थुंकत होती.

मग माणिकबाई — खुशीच्या सासूबाई — सगळ्यांसमोर ताटली घेऊन आल्या. "माय-लेकीच्या हातचं हाये न? तू खाऊन दाखव."

खुशीनं खाल्ल्या. उभ्यानं. चार.

"चौथी काहून खाल्ली वं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"त्यायनं बस म्हटलं नाही न."

आणि मग — "आई, खरं सांग. तू चिंच टाकत असते का?"

"नाही वं," मी म्हटलं. "पानं जुने असतीन."

आजवर गाळलं. खोटं आज सांगितलं. आणि ते लेकीला.

३ सप्टेंबर, मंगळवार

माणिकबाईंचा फोन. गोड आवाज. "इहीनबाई, तुमच्या लेकीले आता सैपाकाचा तरास नाही देत आमी. ताटं मांडीन, उष्टी काढीन. तेवढं त येते न तिले?"

मी "हो" म्हटलं. हो म्हटलं मी!

५ सप्टेंबर, गुरुवार

खुशीला फोन केला. "बँकेत आहे, आई." संध्याकाळी केला. "भांडे घासून राहिली." रात्री पुन्हा केला. उचलला नाही.

काही नवीन करून पाहावं असं वाटत नाही. ह्यांना खिचडी.

८ सप्टेंबर, रविवार

दोनदा ठरवलं, सांगून टाकावं. फोन हातात घेतला की वाटतं, आता सांगितलं तर त्या चार वड्या मीच भरवल्यासारख्या होतील. आज नको.

प्रणाली मोमोंची कृती मागायला आली. उकळतं पाणी सांगितलं. दोनदा सांगितलं. ती वेड्यासारखी बघत राहिली.

११ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्यांचं जेवण. आमच्या महालक्ष्म्या मायाकडे बसतात, सासूबाईंनी तिच्याच ओटीत घातल्या. गेलो. सोळा भाज्या, आंबील, पुरण. पंगत बसली. माया वाढत आली आणि माझ्या पानात — धोप्याच्या वड्या. दोन.

हात थांबला माझा. तिला दिलेली कृती मलाच ठाऊक. सगळ्या पंगतीचं लक्ष.

"नैवेद्याचं हाये, ताई. नाही म्हणू नये."

खाल्ली. डोळे मिटून, औषध खावं तशी. आंबटगोड. खुसखुशीत. जवसाची पूड होती वरून, ती माझ्यात नसते. वाट पाहिली. घसा खाजला नाही. दुसरी खाल्ली. नाही खाजला. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, लिहूनच टाकते.

पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात गाठलं तिला. माया ताटं पुसत होती.

"कधीपासून करून राहिली तू ह्या?"

"झाले सहा-सात वर्षं. तुमी यायच्या तवा नव्हती करत, बस."

"आणि खुशीले तो कागद दिला तू! पोरीनं काय बिघडवलं होतं तुह्यं?"

तिनं वर पाहिलं नाही. "खुशीनं आईची कृती मांगतली. म्या तुमची देल्ली, शब्द न शब्द. माही मांगतली असती, त माही देल्ली असती."

मला वाटलं, तिच्या हातातलं ताट हिसकावून फेकावं. तेवढ्यात तिनं ते खाली ठेवलं.

"आणि ताई, फोटो त ग्रुपवर होता. म्या फोन हातातच धरून बसली होती. म्हटलं ताई सांगन, आई हाये. तुमी लिहून राहिल्या होत्या, मले दिसलं तसं वरतं. मंग बंद झालं. मंग पुन्हा लिहून राहिल्या. मंग बंद."

"तुले सांगता येत नव्हतं?"

"येत होतं," माया म्हणाली. "ते माह्यावर राह्यलं. उद्या फोन करून सांगतो तिले सारं."

"नको सांगू." हात धरला मी तिचा. जन्मात पहिल्यांदा. "माया, नको."

तिनं हात सोडवला आणि ओल्या फडक्यानं ओटा पुसायला घेतला. ह्यांनी बाहेरून हाक मारली, रिक्षा आली होती.

१५ सप्टेंबर, रविवार

ग्रुपवर खुशीचा फोटो. ताटलीत वड्या, बाजूला उत्तमरावांचा हात, एक उचललेली.

खाली लिहिलंय — मायाकाकूच्या पद्धतीनं. चिंच घालून.