पूर्वेची पडवी आणि तिच्यातला समुद्र

मी, सिद्रामप्पा मल्लप्पा नीलगार, वय अदमासे चौसष्ट, धंदा सुताला रंग देणे, राहणार सोलापूर, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी व्हावी ते लिहून ठेवतो. माझे हात कापतात, म्हणून मजकूर मी सांगितला व शेजारचे दुकानदार मडिवाळप्पा यांनी लिहिला. अक्कल ठिकाणावर असल्याचा पुरावा हा की, आज सकाळी निळीत रंगवलेल्या सुताच्या पाच लडी त्यांच्यासमोर फिक्यापासून गडदपर्यंत लावून दाखवल्या. एकही चुकली नाही. कोणाचा दाब नाही.

कलम १. राहते घर मुलगा अण्णाराव व मुलगी महानंदा यांचे निम्मे निम्मे. महानंदाला नवऱ्याने परत पाठवले त्याला सोळा वर्षे झाली. ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. ती या घरात हक्काने राहील, कोणाच्या दयेवर नव्हे.

कलम २. रंगखाना, भट्टी, तांब्याच्या कढया, पिंपे व गिऱ्हाइके अण्णारावची. त्याने धंदा माझ्यापेक्षा चांगला चालवला आहे, हे तोंडावर कधी बोललो नाही, इथे लिहितो.

कलम ३. यातून पूर्वेची पडवी वगळली आहे. ती, आतल्या काचेच्या हौदासह, महानंदाच्या शाळेच्या मुलींसाठी राहील. अण्णाराव म्हणतो, पावसाळ्यात सूत वाळवायला ती एकच जागा आहे. त्याचे खरे आहे. तरीही मी असे का करतो, ते सांगणे भाग आहे.

सात वर्षांपूर्वी महानंदा शाळेतून आली ती जेवेना. भूगोलात समुद्रातल्या प्रवाहांचा धडा होता. चौथीतली मायाक्का, लोकर विकणाऱ्या फुलाबाईची मुलगी, हिने विचारले होते, "बाई, पाण्यात पाणी येगळं कसं ऱ्हातं?" महानंदाने पुस्तकातले वाचून दाखवले, पण तिचे तिलाच पटले नव्हते. मी म्हणालो, हे तर मी चाळीस वर्षे बघतो आहे. गार पाण्यावर रंगाचे ऊन पाणी हळू सोडले तर ते वरच तरंगते. म्हणून तर आम्ही कढई ढवळतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या कपाटाच्या काचा काढल्या, राळ व मेण लावून हौद केला आणि पडवीत मांडला. स्टेशनावरून भुशात गुंडाळलेला बर्फ आणला. एका टोकाला बर्फ ठेवून त्यावर निळा रंग सोडला, दुसऱ्या टोकाला लाल ऊन पाणी. निळे तळाशी बसले व सरपटत पुढे निघाले, लाल वरून त्याच्या उलट आले. महानंदाने आणलेल्या वर्गातल्या मुली काचेला नाक लावून बघत राहिल्या. महानंदा म्हणाली, पृथ्वीच्या दोन्ही टोकांचे गार पाणी असेच समुद्राच्या तळाने चालते. मी जन्मभर पाण्यात हात घालून बसलो होतो, आणि हे मला त्या दिवशी कळले.

मग मला चैन पडेना. रंगाचे डबे आणायला मुंबईस गेलो तेव्हा वरळीला समुद्रावर गेलो. इतका निळा रंग मी कधी कालवला नव्हता. मांजरपाटाचा वारभर तुकडा पाण्यात बुडवून पिळला. पांढराच निघाला. लोक हसले. वाळल्यावर तो खळ दिल्यासारखा ताठ झाला व चाटला तर खारट. पाण्याला रंग दिसतो पण सुटत नाही, हे कसे, ते महानंदाने पुढे उजेडाचा धडा घेऊन समजावले. मला अर्धे समजले. तो तुकडा पडवीतल्या पेटीत आहे. धुऊ नये.

कलम ४. शाळा कमिटीचे त्या वेळचे चेअरमन, यांचे नाव लिहीत नाही, यांना नवे पांढरे धोतर द्यावे. कारण असे. मुलींची बोटे निळी होऊ लागली, तक्रार गेली, आणि रंगाऱ्याच्या आवारात मुली नेल्या म्हणून महानंदाला घरी बसवण्याचे ठरले. मी हौद उचलून कमिटीपुढे नेला. घाईत उकळते पाणी ओतले, काच तडकली, आणि निळे पाणी टेबलावरून त्यांच्या धोतरावर गेले. चूक माझी. महानंदा दोन महिने घरी बसली, तीही माझ्यामुळे. मला तोंड वर करवेना.

शेवटी फुलाबाई चेअरमनच्या दारात गेली. ती म्हणाली, "पोरगी रोज घरी येऊन आमाला दर्या सांगती. तुमी बंद केलं, तर आमाला कोण सांगणार?" तिच्यामागे आणखी अकरा बाया उभ्या होत्या. पुढच्या सोमवारी महानंदा शाळेत गेली, आणि मी हौदाला नवी काच बसवली. चेअरमनच्या धोतराचे डाग अजून आहेत असे ऐकतो. ते जायचे नाहीत. रंग पक्का होता.

कलम ५. दर शनिवारी दुपारी मुली पडवीत धड्याला येतात. मला मातीत ठेवावे त्या दिवशी शनिवार असेल, तर तो धडा बंद ठेवू नये.

कलम ६. येथवर मजकूर वाचून दाखवल्यावर साक्षीदार बिरप्पा, आमच्याकडे लोकर रंगवायला आणणारे, यांनी अंगठा द्यायला नकार दिला. "न बघितल्या गोष्टीला मी साक्ष कशी राहू?" म्हणाले. मडिवाळप्पांनी त्यांना समजावले की साक्ष फक्त माझ्या सहीची असते. त्यांनी ऐकले नाही. मला उठवत नव्हते व महानंदा सकाळच्या शाळेत होती. तेव्हा अण्णाराव उठला. त्याने बर्फ आणवला, पाणी तापवले आणि ओतण्याआधी त्यात बोट घालून पाहिले. मला धरून पडवीत नेले. त्याने आजवर हौदाला हात लावला नव्हता.

बिरप्पा उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मेंढरं चालल्यागत चाललंय की. पुढं कोणी न्हाय, तरी चाललंय." अण्णारावही वाकून बघत होता. त्याने मला विचारले, बर्फ संपल्यावर निळे थांबते का. मी सांगितले, बसून बघ. तो बसला. बर्फ विरघळेपर्यंत आम्ही चौघेही बसलो.

मग तो म्हणाला, "अप्पा, सूत वाळवायला मागं पत्रे टाकतो. पडवीचं कलम तसंच राहू द्या."

ते तसेच ठेवले आहे.

ठिकाण सोलापूर, शनिवार ता. ११ माहे नोव्हेंबर सन १९३३.

सही: सिद्रामप्पा मल्लप्पा नीलगार (अक्षर वाकडे आहे, सही माझीच)

साक्षीदार:
१. मडिवाळप्पा, दुकानदार, हा मजकूर लिहिणार. सही.
२. बिरप्पा, मेंढपाळ. डाव्या हाताचा अंगठा, पाणी बघून दिला.

कलम ३ माझ्यासमोर वाचले. माझी हरकत नाही.
अण्णाराव सिद्रामप्पा नीलगार