ब्रेकच्या दिव्यावरची पट्टी

बाबा,

व्हॅनची किल्ली मी बरोबर नेली आहे, कपाटातली दुसरीसुद्धा. चिडा हवं तर, पण शोधू नका.

डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा तुम्ही म्हणता तसा वेडा झालेला नाही. हँडब्रेक ओढल्यावरही तो पेटतो, पण हँडब्रेककडून दिव्याला येणारी वायर काढली तरी तो पेटलेलाच राहिला. म्हणून सोमवारी ब्रेक ऑइलच्या डबीवर पेनाने रेघ मारली. काल ऑइल रेघेच्या बोटभर खाली होतं आणि मागचं डावं चाक आतून ओलं होतं.

शाळेच्या आठही मुलांच्या घरी मी कालच कळवलंय, आज व्हॅन येणार नाही. मेकॅनिककाका दहाला येतील.

दिव्यावर तुम्ही चिकटवलेली काळी पट्टी उचलून पाहिली आणि परत लावली. ती तुम्हीच काढा.

तुमची शास्त्रज्ञबाई