डांबरावरची फळी

पळसदरी,
ता. १४ फेब्रुवारी १९८८

चि. चंदर यास आजीचा जय भीम आणि आशीर्वाद.

इकडं आमी सगळी बरी. थंडी सरली, पावट्याला शेंगा बऱ्या लागल्या, तुझ्या आईला, विमलला, खोकला झाला होता तो गेला. तुझं पाकीट मिळालं. विमल म्हणाली, "आत्याबाई, मी वाचून दाखवते." मी दिलं नाय. म्हातारपणी विहारातल्या वर्गात बसून अक्षरं शिकले ती काय दुसऱ्याच्या तोंडानं ऐकायला? अख्खी दुपार लागली, पण वाचलं. मधे मधे तू इंग्रजी घुसडलंस तेवढं सोडून दिलं. त्यावाचून काय अडलं नाय.

मला कळलं ते असं. तिकडं मनालीच्या बर्फावर तू पायाखाली एकच रुंद फळी बांधतोस आणि आडवा उभा राहून डोंगरावरनं घसरत येतोस. तीन हिवाळ्यांत ते तुला असं जमलं की आता गोरे पाव्हणे तुझ्याकडं शिकतात. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की तुझे पाय शिवशिवतात. म्हणून तुला चाकांची फळी पायजे, डांबरी रस्त्यावर तसंच घसरायला. मे महिन्यात येशील तेव्हा धाकलू सुताराकडनं बनवून ठेवायची. उतरशील तो कर्जतला तुझ्या दोस्ताकडं, कमळ्याकडं. घरी येणार नायस, आणि यातलं बापाला काय सांगायचं नाय.

पगार घेऊन घसरतो माझा नातू! जन्मभर आमी घसरू नये म्हणून धडपडलो.

पाकिटातलं फळीचं चित्र बघितलं. त्यातला गडी अर्ध्या चड्डीत कुणाकडं चाललाय देव जाणे. तू विचारतोस, फळी आखूड घेऊ का लांब, कडक का लवचीक, चाक कसलं. अरे, मी फळीवर बसले ती जेवायच्या पाटावर. पण विचारलंसच तर ऐक.

बर्फावर थांबायचं झालं की तू फळीची कड रोवतोस, असं तूच लिहिलंस. डांबरात कड रोवशील का? बर्फात पडलास तर उठून अंग झटकतोस. डांबर काय तुझी मावशी हाय, मांडीवर घ्यायला? तिकडं तू मास्तर असशील, इकडं बिगारीतलं पोर हायेस हे ध्यानात धर. म्हणून लांबच घे. आखूड फळी शेळीवाणी, कधी कुठं उडी मारील नेम नाय. लांब फळी म्हशीवाणी, सरळ चालते आणि वळायच्या आधी सांगते. आणि माथेरानच्या घाटातनं नेरळला उतरायचं जे लिहिलंस ते विसर. आपल्या धरणाकडचा रस्ता बस झाला. तिथं लिंबू सोडलं तर जाईल, पण घाई करणार नाय, एवढाच उतार.

तुमच्या बापलेकांचं भांडण तुमच्यापाशी. त्यानं तुला खोपोलीच्या कारखान्यात चिकटवलं होतं, तू पाव्हण्यांच्या नादानं पळालास. तो म्हणाला, "मी माथेरानला पाव्हण्यांची रिक्षा ओढली, तू त्यांच्यापुढं घसर. पण मला तोंड दाखवू नको." दोन वर्षं झाली. तू नाय दाखवलंस, त्यानं नाय मागितलं. एकाच खाणीतले दगड.

बाप बरा हाय. त्याचं जास्त विचारू नको. तू विचारलं पण नायस म्हणा.

धाकलूकडं जाते.

तुझी आजी
ठकूबाई


पळसदरी,
ता. २० मार्च १९८८

चि. चंदर यास आजीचा जय भीम.

आधी तुझं नख कुरतडणं थांबव, मग पुढं वाच.

धाकलूला मी एवढंच सांगितलं, की चांगल्या सागाची लांब फळी पायजे, माणसाचं वजन घेईल अशी. चंदर मे महिन्यात येतोय, त्याच्या आधी पायजे. कशाला ते बोलले नाय, तूच म्हणालास गुपित. धाकलू म्हणाला, "कळलं, ठकूबाई, कळलं," आणि हसला. मला वाटलं, शाना सुतार हाय, चित्र न बघता कळलं त्याला.

आता सुताराला जन्मात काय ठावं? पाट, चौरंग, दरवाजा. म्हातारी सागाची लांब फळी सांगते, नातू मे महिन्यात येणार म्हणते, आणि तोंड दाबून बोलते. त्यानं जुळवलं. चंदरचं लगीन! फळी बनवली ती नवरानवरीला शेजारी शेजारी बसायला, आणि वर चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकली, आपल्याकडनं भेट म्हणून. त्यानं बायकोला सांगितलं, बायकोनं धुणं धुताना सांगितलं. मग काय, शेजारच्या गावात, कोंडाण्यापर्यंत गेलं.

सोमवारी सकाळी कोंडाण्याचा सखाराम दारात. त्याच्या मैनेचं आपण तुझ्यासाठी विचारलं होतं, आठवतंय का? चहा नको म्हणाला, म्हणजे भांडायलाच आलेला.

"श्रीपत, ही काय रीत झाली? आमच्या पोरीचं बोलून ठेवलंस आणि परस्पर दुसरीकडं लगीन लावतोस?"

तुझा बाप खाटेवर होता. म्हणाला, "कुणाचं लगीन?"

"तुझ्या पोराचं."

"माझा पोर हाय कुठं?"

"मे महिन्यात येतोय. पाट तयार हाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पितळी फुलांचा!"

तुझ्या बापानं मान फिरवली. "आये?"

मी चुलीत फुंकर घालत होते. चूल विझलेली होती, तरी घालत होते.

"आये, माझ्या घरात लगीन हाय, आणि मला कोंडाण्याचा माणूस सांगतो?"

मग काय करणार? सगळं सांगितलं. बर्फ, चाकं, अर्ध्या चड्डीतला गडी, सगळं. विमल अशी हसली की मेढीला धरून उभी राहिली. सखाराम म्हणाला, "म्हणजे पोरगं फळीवर उभं राहून रस्त्यानं जाणार? बसायला बैलगाडी नाय का?" आणि मग चहा प्याला, दोन वेळा. जाताना म्हणाला, मैना शिवण शिकतेय. मला सांगायला लावलं, सांगितलं. पुढचं तुझं तू.

तुझ्या बापानं भाकर मागितली. जेवला. दुपारी म्हणाला, "आण ती फळी."

आणली. दोन विटांवर आडवी ठेवायला लावली. "विमल, मधी उभी ऱ्हा." विमल उभी राहिली. तो खाली वाकून बघत बसला, जसा डॉक्टर जीभ बघतो. "वाकत नाय. जाड हाय. खड्ड्यातनं गेली की दणका थेट गुडघ्यात. मधनं तासायला सांग. माणूस उभा राहिला की जरा दबली पायजे, उतरला की परत सरळ. आणि ती फुलं काढ म्हणावं, अंगठा फुटंल."

चाकाचं पण त्यानंच सांगितलं. धाकलू बेअरिंगची बसवणार होता, गावातली पोरं गाड्याला लावतात तसली. तुझा बाप म्हणाला, "लोखंड डांबरावर बोंबलतं आणि सटकतं. रबराचं पायजे, मोठं आणि मऊ. खडा आला तर वरनं गेलं पायजे, अडकून माणसाला पुढं फेकायचं नाय." तसली चाकं खोपोलीला भंगारात मिळतात, कारखान्यातल्या ढकलगाडीची. माथेरानला रिक्षाच्या दांड्यात ज्याचे खांदे गेले त्याला चाकाचं कळणारच.

चित्र मागून घेतलं त्यानं. आधी उलटं धरलं, मग सुलटं. परत दिलं नाय.

रागावू नको. रागावलास तरी पाकीट येईस्तोवर शिळं होईल.

तुझी आजी
ठकूबाई


पळसदरी,
ता. १७ एप्रिल १९८८

चि. चंदर यास जय भीम.

तुझं रागाचं पत्र मिळालं. दुसऱ्यांदा वाचायला लागलं नाय, एवढं ठळक लिहिलंस. "आजी, तुला एक गोष्ट पोटात ठेवता येत नाय." बरं. पण खाली तू काय विचारलंस? सोमवार सकाळ, माथेरानला पाव्हण्यांची गर्दी, आणि बा घरात खाटेवर काय करत होता? मी एवढं वळसे घालून लिहिलं आणि तुला नेमकं तेवढंच दिसलं. शाना हायेस. बापावर गेलास.

तर घे. दिवाळीच्या गर्दीत रिक्षा उताराला लागली होती. तुला ठावं हाय, उताराला पुढचा ओढत नाय, अडवतो, आणि मागचे धरून ठेवतात. मागच्याचा पाय लाल मातीत सरकला. गाडी अंगावर आली, तुझ्या बापानं पाय आडवा घातला. आत बसलेल्या बाईच्या मांडीवरचा डबा पण सांडला नाय. गुडघा मातूर गेला. चालतो, काठी घेऊन धरणापर्यंत जातो, पण गाडी आता नाय ओढायची असं डॉक्टरनं सांगितलंय. तुझी आई हॉटेलात भाजी चिरायला जाते, मी पावटा विकते, चुलीला सुट्टी मिळालेली नाय. म्हणून रडत बसू नको, आमी बसलो नाय.

तुला कळवू नको म्हणाला. "पोरगं म्हणंल, पाय मोडला तेव्हा बापाला आठवण आली." तू म्हणतोस त्याला सांगू नको, तो म्हणतो तुला सांगू नको. मी काय कुलपाची पेटी हाय तुमची? दोघांचं फोडलं. बरं वाटतंय, दोन घास जास्त गेले आज.

आता फळीचं. दिवाळीपासनं तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. पाट आला त्या दिवसापासनं खाट मोकळी. रोज धाकलूच्या अंगणात. दोघं असे भांडतात की गिऱ्हाईक बाहेरनं परत जातं. धाकलू म्हणतो, चाकं घट्ट बसव. तुझा बाप म्हणतो, घट्ट बसवली तर वळणार कशी? शेवटी त्यानं आपल्या रिक्षाचा जुना टायर कापला आणि चाकाच्या दांड्याखाली त्याचे जाड तुकडे बसवले. आता फळीवर डावीकडं भार दिला की ती डावीकडं कलते आणि तिकडंच वळते. धाकलू म्हणाला, "मी म्हणतच होतो." 

मग चालवून बघायची कुणी? विमल म्हणाली, मला हॉटेलात जायचंय. धाकलू म्हणाला, मी पडलो तर बायको म्हणंल प्यायला होता. गुडघ्यावाला तर बादच. राहिलं कोण? मी.

लुगड्याचा काष्टा घट्ट केला. धरणाकडच्या रस्त्यावर तुझ्या बापानं फळीला मागनं दोर बांधला, कमरेला एक वळसा घेतला आणि मागनं उभा राहिला, जसे उताराला रिक्षा धरून ठेवतात तसा. मी आधी म्हणाले, बसते. "बसायला तो पाट होता, आये. ही उभं राहायची हाय." उभी राहिले, आडवी, चित्रातल्यासारखी. फळी अशी दबली पायाखाली, जशी भिजलेली बांधावरची माती.

"सोडू?" "सोड की!"

सोडलं त्यानं, हळूहळू, एकेक वाव दोर. चंदर, खरं सांगते, मला वाटलं होतं घाबरेन. घाबरायला सवड झाली नाय. डोळ्यात वारा गेला, पदर मागं. पळसाच्या झाडापाशी वळायचं म्हणून मी जरा भार दिला आणि ती वळली, ऐकते रं, घरातल्या कुणापेक्षा जास्त ऐकते. मुंबईचे पाव्हणे धरणावर डबे उघडून बसले होते, ते टाळ्या पिटायला लागले. मी त्यांच्याकडं बघितलं, तिथंच चुकलं. पडले नाय. कोपर खरचटलं ते पडण्यात धरत नाय.

तुझा बाप दोर धरून उभा, आणि हसत होता. आवाज काढून. दिवाळीपासनं मी तो आवाज ऐकला नव्हता. गुडघा दुखत होता, दिसत होतं मला, पण दोर सोडला नाय.

घरी येताना म्हणाला, "बर्फावर हे असंच असतं का, आये?" मी म्हणाले, मला काय विचारतोस, मी पाव्हणी हाय का मनालीची?

काल कमळ्या फळी न्यायला आला, तुझ्या सांगण्यावरनं. तुझा बाप त्याला म्हणाला, "अजून झाली नाय." झाली हाय. एकच काम ऱ्हायलंय. उभं राहायच्या जागी पाय सरकू नये म्हणून टायरच्या पट्ट्या ठोकायच्या हायेत. पाय तिरके पडतात, तर पट्टी पण तिरकी पायजे, आणि ती कुठल्या अंगाला तिरकी ते कुठला पाय पुढं त्यावर. माझ्या पायावर ठोकू देत नाय. मी डावा पुढं ठेवला होता. तो म्हणतो, "तुझं नको सांगू, त्याचं पायजे." मी म्हणाले, डावाच असंल, ठोक. नाय. खिळे वाटीत घालून ठेवलेत, हातोडी वर. रोज बघतो आणि परत ठेवतो.

तर चंदर, तुझा कुठला पाय पुढं असतो?

हे मी विचारत नाय. तो विचारतोय. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या बापानं तुला काय विचारलंय, तेव्हा जबाब मला धाडू नको. पाकिटावर श्रीपत असं नाव घाल. माझ्या नावानं आलं तर चुलीत घालेन, शपथ. आणि लिहायचा कंटाळा आला तर लवकर निघ, अंगणात फळी ठेवलेली असंल, वर चढून दाखव. तोंड नको दाखवू म्हणाला होता ना? पायाचं काय बोलला नव्हता.

तुझी आजी ठकूबाई,
आणि शेजारी बसलेला, मी काय लिहिते ते चोरून बघणारा आणि सही कर म्हटलं तर "पाय कळू दे आधी" म्हणणारा तुझा बा.