हळदीचा डाग पडलेला खण

२ जानेवारी
मुक्काम जर्मनी

तीर्थस्वरूप अक्का हिला तिच्या भडगावच्या भाचीचा, सारिकाचा, इतक्या लांबून जेवढा वाकून करता येईल तेवढा नमस्कार. मी इथे खुशाल आहे, वजन तीन किलोने वाढलंय, तेव्हा काळजीचं कारण राहिलेलं नाही. तुझे गुडघे कसे आहेत? धुळ्याला थंडी पडली की ते आधी तुला कळवतात आणि मग पेपरात येतं, म्हणून विचारलं. मोतीबिंदूच्या डोळ्याला अजून महिनाभर ताण द्यायचा नाही असं आई म्हणाली, म्हणजे हे पत्र चारूच तुला वाचून दाखवत असणार. (चारू, नीट लक्ष दे. कंसातलं सगळं तुझ्यासाठी आहे. ते मनात वाच, आणि वाचताना ओठ हलवू नकोस. तुझ्या आजीला एका डोळ्यानेही ओठ दिसतात.)

फोन का केला नाही म्हणशील. अक्का, तू व्हिडिओ कॉलवर येतेस, पदर सारखा करतेस, जेवलीस का एवढं विचारतेस आणि फोन शेजारच्या सुनंदाबाईंच्या हातात देतेस. पुढचा अर्धा तास मी त्यांना खिडकीतून बर्फ दाखवत बसते. त्यात महत्त्वाचं बोलणं राहून जातं. दिवाळीत मात्र तू फोन परत घेऊन एक प्रश्न विचारला होतास : "बठ्ठं शे तठे, पन माया शे का?" मी लगेच हो हो, सगळं आहे, मायाही आहे म्हणाले आणि तू नुसतं "हं" म्हणालीस. तुझं ते हं आपल्या घराण्यात कोणाला माहीत नाही? त्या हंपायी चारूचं पुढचं वर्ष अडकलंय. माझ्यासारखीच वर्षभर परदेशातल्या घरी राहून शिकायला तिची निवड झाली, फॉर्म आला, एकतीस जानेवारी शेवटची तारीख, आणि ज्ञानेश्वरदादा, चारूचा सख्खा बाप, स्वतःच्या पोरीच्या फॉर्मवर सही करायला तू हो म्हणण्याची वाट बघत बसलाय. परक्या लोकांत माया नसेल तर पोरीला वर्षभर कशाला पाठवायचं, हे तुझं म्हणणं मला पटतं. म्हणूनच ठरवलं, की या बाबतीत काय आहे ते पुराव्यासकट लिहायचं. पुरावा माझ्याच फजितीचा आहे, त्याला इलाज नाही. (इथे थांबून पाणी पी. घाई दिसू देऊ नकोस.)

मी ज्यांच्या घरी राहते ते उवेकाका बस चालवतात आणि बिर्गिटमावशी दवाखान्यात नर्स आहेत. माणसं कमी बोलतात पण कामाला वाघ. जेवण झालं की काका बाह्या सारून भांडी घासायला उभे राहतात, आणि त्यात आपण काही जगावेगळं करतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नसतं. (हे वाक्य तुझ्या बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाच.) तू आहेराचा टॉवेल-टोपी दिला होतास तो मी पहिल्याच दिवशी त्यांना दिला. टॉवेल त्यांनी नीट घडी करून ठेवला, टोपी मात्र दर रविवारी घालून पाव आणायला जातात. कडक इस्त्रीची पांढरी टोपी घातलेला साडेसहा फुटी माणूस बर्फातून चालताना बघून मला भडगावच्या बाजारातल्यासारखं वाटतं.

नाताळ म्हणजे इथे मोठीच गोष्ट. काका स्वतः जंगलात जाऊन झाड तोडून आणतात, ते बैठकीच्या खोलीत उभं करतात आणि त्याला खऱ्या मेणबत्त्या लावतात. घरात झाड, झाडाला आग, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. मी आपली बादलीजवळच बसले. चोवीस तारखेच्या संध्याकाळी मेणबत्त्या पेटल्या, बटाट्याचं सॅलड खाऊन झालं आणि झाडाखाली ठेवलेल्या भेटी वाटायला सुरुवात झाली. माझ्या नावाची सहा पुडकी निघाली. अक्का, सहा. ज्या पोरीला चार महिन्यांपूर्वी हे लोक ओळखतही नव्हते, तिच्यासाठी.

आता इथे मी तुझी भाची शोभले. आपल्यात दिलेली वस्तू देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. हातात घ्यायची, कपाळाला लावायची, बाजूला ठेवायची. समोर फोडून बघणं म्हणजे हावरटपणा, हे तू मला सात वर्षांची असताना एक चिमटा काढून शिकवलं होतंस. मी सहाही पुडकी कपाळाला लावली आणि खुर्चीखाली रचली. बाकीचे मात्र कागद सोडून वस्तू बाहेर काढत होते, अंगाला लावून बघत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मावशी मला दोनदा म्हणाल्या, उघड ना. मी दोनदा लाजून हसले. त्या काकांकडे बघायला लागल्या, काका झाडाकडे. मला वाटलं, माझे संस्कार बघून थक्क झालेत. त्यांना वाटलं होतं की माझ्या मनाला काहीतरी लागलंय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या आईकडे जायचं होतं. आजीला इथे ओमा म्हणतात. ओमा एक्क्याऐंशी वर्षांची, एका खेड्यात एकटी राहते, चुलीची लाकडं स्वतः फोडते. रिकाम्या हाताने म्हातारीच्या पाया कशी पडणार, म्हणून तू तिच्यासाठी दिलेला हिरवा खण मी बॅगेतून काढला. उलगडला आणि कपाळावर हात मारला. एका कोपऱ्याला, चिंचोक्याएवढा, हळदीचा डाग.

अक्का, हा डाग मी ओळखते. तू सुकदेवमामाच्या लग्नात हा खण दिलास, तिथून तो वरणगावला गेला, वरणगावहून दीपनगरच्या चंद्रकांताबाईंकडे, आणि तीन वर्षांनी त्यांनी तो तुझीच ओटी भरायला वापरला. तेव्हा तू डागावर बोट ठेवून म्हणाली होतीस, आता याला अशा ठिकाणी धाडते की परत यायची सोय नाही. ते ठिकाण म्हणजे मी, हे तेव्हा माहीत नव्हतं. (चारू, इथे अक्काकडे बघू नकोस.)

वर्षाच्या सणाला डागाचा खण द्यायला मन होईना. दुकानं बंद. मग मला तुझी ट्रंक आठवली. आलेला आहेर ट्रंकेत, ट्रंकेतला पुढच्या घरी. कुटुंबं चालतात ती अशीच. माझ्याकडे सहा पुडकी होतीच. त्यातलं सगळ्यात मोठं आणि मऊ निवडलं. त्याला चिठ्ठी होती, पण जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरात, मला एक अक्षर लागलं नाही. ती काढून टाकली, माझ्या नावाची लावली, आणि खणाची घडी असू दे म्हणून पर्समध्ये ठेवली.

ओमाने पुडकं हातात घेतलं आणि कागदावरून नुसता अंगठा फिरवला. ही बाई कागद फाडत नाही. दरवर्षी आलेला कागद इस्त्री करून जपते आणि पुढच्या वर्षी वापरते. (अक्का तुझ्या वह्यांची जुनी कव्हरं जपते ना, तसंच. पण हे तिला सांगू नकोस, तुलना आवडत नाही तिला.) म्हणजे कागद तिच्याच घरचा आहे हे तिने तेव्हाच ओळखलं. तरी तिने चिकटपट्टी नखाने सोडवली. आतून स्वेटर निघाला. निळा, माझ्या मापाचा, आणि छातीवर केळीचं झाड, घडासकट. सप्टेंबरात तिने मला फोनवर विचारलं होतं, तुमच्याकडे काय पिकतं. मी सांगितलं होतं, केळी.

मावशींनी हळूच सांगितलं, की ओमाच्या बोटांचे सांधे सुजतात, सुई धरवत नाही, तरी सप्टेंबरपासून रोज थोडं थोडं विणत होती. आणि तिने ज्या पोरीसाठी विणलं त्या पोरीने तो न बघताच तिला परत आणून दिला होता. अक्का, मला धरणी जागा देईना. मी रडले. तोंड झाकून नाही, हमसून हमसून. खोटं बोलता आलं असतं, चुकून पुडकं बदललं म्हणता आलं असतं. पण तिची ती बोटं बघून जीभ रेटेना. तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. कपाळाला लावण्याचं, तुझ्या ट्रंकेचं, दीपनगरचं, आणि पर्समधून खण काढून डागासकट तिच्या पुढ्यात ठेवला.

ओमा उठली. मला वाटलं, आता दार दाखवते. तिने भिंतीतलं कपाट उघडलं. आत खालपासून वरपर्यंत भेटी. मेणबत्त्यांचे डबे, साबणाच्या वड्या, फुलदाण्या, आणि प्रत्येकाला चिठ्ठी, ही कोणाकडून आली, म्हणजे चुकूनही त्याच घरी परत जाऊ नये. उवेकाका पन्नास वर्षांचे आहेत, पण त्यांनी दिलेल्या तीन फुलदाण्या तिथे एका रांगेत उभ्या बघून त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं. ओमा पोट धरून हसली. मग तिने माझे दोन्ही हात वर करायला लावले आणि लहान लेकराला घालतात तसा स्वेटर स्वतः माझ्या अंगात घातला, केस बाहेर काढले, आणि गालावरून हात फिरवला. तो हात तुझ्या हातासारखाच खरखरीत आहे. चार महिन्यांत मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

तू विचारलं होतंस ना अक्का. शे. भरपूर शे.

घरातल्या सगळ्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना चारूच्या हातून एकेक चापट.

तुझी भाची,
सारिका

ता. क. १ : अक्का, चारू वाचता वाचता मध्येच थांबत होती ना, तिथे कंस होते. ते सगळे आता तिला मोठ्याने वाचायला लाव. तुला कसं पटवायचं ते मी तिला शिकवत होते. पण ओमाला खरं सांगितल्यावर काय झालं ते लिहून झालं, आणि मग तुझ्याशी लबाडी करायला लाज वाटली. हो म्हणायचं तर सगळं ऐकून म्हण, नाही म्हणायचं तरी सगळं ऐकून.

ता. क. २ : खण आता ओमाच्या कपाटात आहे, "अक्का, धुळे" अशा चिठ्ठीसह. तेव्हा तुझ्याकडे परत येण्याची भीती उरली नाही. डाग कशाचा विचारलं तर मी हळदीचा म्हणाले, शुभ असतो. हे खोटं नाही.

ता. क. ३ : पत्राबरोबरचं पुडकं ओमाने तुला दिलंय. तुझे गुडघे दुखतात हे ऐकून तिने सात दिवसांत लोकरीच्या दोन पट्ट्या विणल्या, तिचेही दुखतात. ट्रंकेत टाकू नकोस, सगळ्यांसमोर उघड आणि लगेच घाल. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने भरलंय ती नक्षी नाही. तिने मला विचारलं, हे अक्काच्या लिपीत कसं लिहितात; मी कागदावर लिहून दिलं आणि तिने बघून बघून टाक्यांत उतरवलं. एक मात्रा वाकडी झालीय, पण वाचता येतं. "पुढे देऊ नये."