डफावरचा सा

नगर, ९ डिसेंबर १९४६

सौ. अंबिकेस नृसिंहाचे, दोन्ही कान सोडून बाकी खुशालीचे, आशीर्वाद.

डॉक्टर भला माणूस. कान आता चष्मा अडकवण्यापुरतेच, हे त्याने कागदावर सुबक अक्षरात लिहून दिलं. चला, तुझी बोलणी तरी चुकली.

काल इथल्या एका शास्त्राच्या मास्तरांनी डफावर रांगोळी भुरभुरली आणि खालून तोंड लावून ‘सा’ लावला. रांगोळीचं कडं झालं. ‘प’ लावताच ते मोडून फुलासारखी नक्षी उमटली. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. रसिक मी एकटाच.

धाकट्या शोभाचा खोकला थांबला का? पूजेच्या वेळी अजून गातेस ना? मला ऐकू येत नाही म्हणून सोडू नकोस.

डफ घेऊन शनिवारी अकोल्याला येतो. तुझा आवाज अजून आठवतो आहे, तोवर एकदा डोळ्यांनी पाहून ठेवू दे.

तुझाच,
नृसिंह