तिजोरीत जास्त निघालेले एकवीस हजार

पनवेल,
२ एप्रिल

तीर्थस्वरूप कृष्णकांतमामा,

भावेशचा तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? (मामी खरं सांगेल, तिलाच विचारतो.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, मग मी चिडतो आणि मग तुम्ही तीन आठवडे फोन उचलत नाही. पत्र कसं, शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. तर पहिली गोष्ट, बी.कॉम.चं अर्धवट सोडलेलं दुसरं वर्ष पुन्हा सुरू करायला तुम्ही दिलेले पंचवीस हजार सुरक्षित आहेत. त्यातले एकवीस तर लोखंडी तिजोरीत आहेत. (कुणाच्या, ते पुढे येईल.)

भगवानशेठच्या बर्फाच्या कारखान्यात माझं बरं चाललंय. करंजा बंदरातल्या मासेमारी बोटींना बर्फ जातो आणि तिकडून नोटा येतात, त्यांना असा बोंबलांचा वास की मोजणारा माणूस अंगठ्याला थुंकी लावत नाही. मी गाड्या सोडतो. समोरच्या टेबलावर हिशेब बघते ती रंजिता. रोडपालीची, एम.कॉम. झालेली, आणि (हे मामीला वाचून दाखवू नका) हसली की माझ्या गाड्या चुकीच्या रस्त्याला लागतात. कॉलेजात जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते तिने एका डब्याच्या सुट्टीत शिकवलं. कंपनीची रोकड म्हणजे नुसत्या तिजोरीतल्या नोटा नव्हेत. बँकेतलं चालू खातंही रोकड, आणि तीन महिन्यांच्या आत मोकळी होणारी, किंमत न हलणारी ठेवही त्याच पंगतीत बसते. वर्षभराची ठेव मात्र वेगळ्या ओळीत, आणि शेअर त्याहून वेगळे, कारण ते आज शंभर तर उद्या ऐंशी. शेठना हे अजिबात मान्य नाही. "ठेव माजी, बँक माज्या वळखीची, आन ती रोकड नाय? मंग काय बर्फ हाय?" असं म्हणून त्यांनी बायकोच्या, म्हणजे कमळाकाकूंच्या, सोन्याच्या पाटल्याही रोकडीत धरायला सांगितल्या. रंजिता शांतपणे म्हणाली, "शेठ, त्या काकूंच्या आहेत, कंपनीच्या नाहीत." काकू तिथेच चहा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "लिवून घे गो पोरी, मोठ्या अक्षरात लिव." त्या दिवसापासून मी या मुलीवर जीव टाकलाय. एक वाक्य तिला सांगायचं म्हणून आठ महिने घोकतोय. तीन महिन्यांची मुदत केव्हाच उलटली.

एकतीस मार्चला नवीन पनवेलहून दिनानाथसर आले. हे ऑडिटर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी वहीत जेवढी रोकड तेवढी तिजोरीत आहे का, हे ते स्वतः मोजून बघतात. ते बाहेर ताक पीत होते, तोवर रंजिताने आधी एकदा मोजून घेतलं, कपाळाला हात लावला आणि स्कूटी काढून भुर्रकन गेली. मी तिच्या टेबलावरची चिठ्ठी बघितली. वहीत एक लाख शहाऐंशी हजार चारशे, तिजोरीत एक लाख पासष्ट हजार चारशे. एकवीस हजारांचा खड्डा! मामा, माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मला दिसली ती रडणारी रंजिता आणि तिला चोर म्हणणारे दिनानाथसर. माझ्या सॅकमध्ये तुमचं पाकीट होतं (फॉर्म भरायला निघालोच होतो, शपथ). तिजोरी उघडी होती. एकवीस मोजले आणि आत ठेवून दिले.

पाच मिनिटांत रंजिता परत आली, हातात लाल फडक्यात बांधलेली गड्डी. दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवलेली ही गड्डी शेठ वर्षभर मोडत नाहीत, घरच्या देव्हाऱ्यात ठेवतात. वहीत मात्र ती कंपनीचीच रोकड. किती होती सांगू? एकवीस हजार. कपाळाला हात लावला होता तो ती आणायला विसरल्याबद्दल.

आता मोजणीत एकवीस हजार जास्त. शेठ खूश. "वरकड निघाली तं वरडता कशाला? लक्षुमी आली!" पण दिनानाथसर चष्मा पुसत म्हणाले, कमी असते तर मी समजून घेतलं असतं, जास्त म्हणजे कुणीतरी विक्री वहीबाहेर ठेवलीय. आणि बघितलं ते रंजिताकडे. मी उठलो, त्यांचा कॅल्क्युलेटर उचलला आणि बर्फाच्या टाकीत टाकला. (तो आता लादीत आहे. आकडा दिसतो, बटण दाबता येत नाही.) मग ओरडलो, "ते पैसे माझे आहेत!" शेठ म्हणाले, "तुजे? पगार चौदा हजार, त्यातली तीन हजार उचल!" का टाकलेस, असं सरांनी विचारलं, तर मी म्हणालो, हिच्यावर येऊ नये म्हणून. सगळा कारखाना हसला. रंजिता हसली नाही. म्हणाली, "वेडा आहेस का? आधी मला विचारायचं ना." पण ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज अजून माझ्याकडे आहे.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार, घरच्या मांजरीला माझी आठवण.

तुमचा,
भावेश

ता. क. सोमवारपर्यंत ते पैसे माझेच, याचा पुरावा मिळाला नाही तर सर अहवालात लिहिणार आणि रंजिताची नोकरी जाणार. तेव्हा 'मी भाच्याला पंचवीस हजार रोख दिले' असं सही करून ताबडतोब पाठवा.

ता. क. २. फॉर्मची तारीख कालच गेली. रागावू नका. किंवा रागवा, पण सही आधी करा.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी रंजिताने हे पत्र मागून घेतलं आणि सगळं वाचलं. पाटल्यांपाशी हसली, 'जीव टाकलाय' ही ओळ मात्र दोनदा वाचली. म्हणते, नुसती सही नको, मामांनाच घेऊन ये, आणि सोमवारी नको, रविवारी ये. सर रविवारी नसतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. बाबा घरी असतात." तेव्हा मामा, या. मामीलाही आणा.